मॅपलचा रस, शिंदीची नीरा आणि पाकाची खूण

(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे)

उत्तर अमेरिकेतील मॅपल वृक्षाचा रस आटवून तयार होणाऱ्या पाकाविषयी, म्हणजेच मॅपल सिरपविषयी, मागील अंकात या सदरात एक लहानसे टिपण दिले होते. त्यावर ठाणे आणि नवी मुंबईतील वाचकांनी अपेक्षेपेक्षा बरीच अधिक पत्रे पाठविली. त्यांतील पाच प्रश्न निवडून येथे उत्तरे देत आहे. पहिल्या आणि चौथ्या प्रश्नांना जागा अधिक लागली आहे, कारण त्यांत केवळ माहिती नव्हे तर प्रत्यक्ष करावयाचे काम आहे, आणि ते चुकीच्या पद्धतीने केल्यास झाडाचे किंवा माणसाचे नुकसान होऊ शकते.

प्रश्न १ : माझ्या मुलाने अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात घर घेतले आहे. परसात चार मोठी झाडे असून ती मॅपलची आहेत, असे शेजारी सांगतात. सुनेच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघे जानेवारीअखेरीस तिकडे जाणार आहोत आणि एप्रिलपर्यंत राहणार आहोत. घरच्या घरी पाक करता येईल का? झाडाला भोक पाडणे म्हणजे त्याला इजा करणे नव्हे का, ही शंका माझ्या यजमानांना सतावते आहे.
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : करता येईल, आणि आपल्या मुक्कामाचा काळही नेमका हंगामाचा आहे. व्हरमाँटमध्ये साधारणपणे फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत मॅपलचा रस सुटतो. तरीही तारखेपेक्षा हवेकडे लक्ष ठेवावे. रात्री पारा शून्याखाली उतरतो आणि दिवसा तो शून्याच्या चार-पाच अंश वर जातो, असे दिवस लागले की रस वाहू लागतो. नुसती थंडी असेल तर झाड गोठलेले राहते. नुसती ऊब असेल तर प्रवाह मंदावतो आणि थांबतो. याचे कारण मॅपलच्या लाकडाच्या रचनेत आहे. या लाकडातील तंतुपेशींमध्ये पाण्याऐवजी वायू भरलेला असतो. रात्री थंडीने हा वायू आकसतो, पेशींच्या आतील बाजूस बर्फाचे थर धरतात आणि त्यामुळे निर्माण झालेल्या ओढीने मुळांकडून पाणी वर खेचले जाते. सकाळी बर्फ वितळतो, दाबलेला वायू पुन्हा पसरतो, आणि खोडाच्या आतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा वाढतो. अशा वेळी खोडाला लहानसे छिद्र असेल तर रस आपोआप ठिबकतो. त्या रसातील साखर ही मागील उन्हाळ्यात पानांनी तयार करून खोडात पिष्टाच्या रूपाने साठवलेल्या अन्नाची असते. हिवाळ्यात त्या पिष्टाचे साखरेत रूपांतर होते.

शेजाऱ्यांच्या शब्दावर विसंबून न राहता झाडाची ओळख आधी स्वतः पटवून घ्यावी. पाने असताना हे सोपे असते, म्हणून शक्य असल्यास मुलाला शरद ऋतूतच पानांची छायाचित्रे काढून ठेवण्यास सांगावे. साखर-मॅपलच्या पानाला बहुधा पाच खंड असतात, कडा गुळगुळीत असतात आणि दोन खंडांमधील खाच गोलसर असते. लाल मॅपलच्या पानाची कड करवतीसारखी दातेरी असते आणि चंदेरी मॅपलचे पान फार खोलवर चिरलेले असते. पाने गळून गेली असतील तर फांद्यांकडे पाहावे. मॅपलच्या फांद्या व कळ्या समोरासमोर जोडीने येतात, आणि साखर-मॅपलची कळी तपकिरी, बारीक व टोकदार असते. लाल आणि चंदेरी मॅपलपासूनही पाक होतो; परंतु त्यांच्या रसात साखर सहसा कमी असते आणि त्यांच्या कळ्या लवकर फुगू लागतात. कळ्या फुटण्याच्या सुमारास रसाला एक नकोसा वास येतो, त्यामुळे त्यांचा हंगाम लवकर आटोपतो.

आता आपल्या यजमानांची शंका. ती अगदी योग्य आहे आणि तिला मनापासून उत्तर दिले पाहिजे. छिद्र ही जखमच असते. झाड ती जखम आतून बंद करून घेते. छिद्राच्या वर आणि खाली लाकडाचा एक उभा पट्टा काळपट होतो आणि त्या पट्ट्यातून पुन्हा कधीही रस वाहत नाही. निरोगी आणि पुरेसे जाड झाड दरवर्षी नवे लाकूड घालत असल्याने त्याला हे सोसते. लहान किंवा आजारी झाडाला ते सोसत नाही. म्हणून छातीच्या उंचीवर खोडाचा घेर मोजावा. घेर सुमारे ९५ सेंटिमीटरपेक्षा, म्हणजे व्यास ३० सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर त्या झाडाला हात लावू नये. त्याहून जाड झाडाला एकच छिद्र पाडावे, आणि घेर दीड मीटरच्या पुढे गेलेला असेल तरच दुसऱ्याचा विचार करावा. तिसरे छिद्र मी कोणत्याही परसातील झाडाला सुचवणार नाही. ज्या झाडाची शेंड्याकडील फांदी वाळलेली आहे, साल सुटली आहे किंवा मागील उन्हाळ्यात कीड लागली होती, त्याला यंदा विश्रांती द्यावी.

छिद्र ८ मिलिमीटर व्यासाच्या स्वच्छ ड्रिलने, ४ ते ५ सेंटिमीटर खोल आणि रस बाहेर ओघळेल असा किंचित वरच्या दिशेने चढ देऊन पाडावे. निघणारा भुसा पांढरट असला पाहिजे. तो तपकिरी निघाला तर ते मृत लाकूड आहे असे समजून थांबावे. तोटी हातोडीने हळुवार ठोकून बसवावी, कारण जोरात ठोकल्यास लाकूड उभे चिरते आणि रस तोटीबाहेरून झिरपतो. हंगाम संपल्यावर तोटी काढून घ्यावी आणि छिद्र बुच, मेण किंवा माती यांपैकी कशानेही बुजवू नये. झाड ते स्वतः भरून काढते. पुढील वर्षीचे छिद्र जुन्यापासून आडवे किमान १५ सेंटिमीटर आणि उभे सुमारे अर्धा मीटर दूर असावे.

रस गोळा करण्यासाठी अन्नासाठी योग्य असलेले झाकणाचे भांडे घ्यावे. जुन्या वस्तूंच्या बाजारात मिळणाऱ्या सुंदर पत्र्याच्या बादल्या टाळाव्यात, कारण जुन्या बादल्यांच्या सांध्यांत शिसे असलेले झाळकाम (सोल्डर) असण्याची शक्यता असते. ताजा रस पाण्यासारखा स्वच्छ दिसतो आणि जिभेला जेमतेम गोड लागतो. तो दुधासारखाच नासतो, ही गोष्ट मनावर घ्यावी. भांड्याभोवती बर्फ रचून ४ अंशांखाली ठेवल्यास तो थोडे दिवस टिकतो. तरीही दोन-तीन दिवसांत आटवणे उत्तम. गढूळ झालेला रस टाकून द्यावा.

एका छिद्रातून संपूर्ण हंगामात साधारण ४० लिटर रस मिळतो आणि त्यापासून जेमतेम एक लिटर पाक होतो. हे गणित सोपे आहे. ८६ या आकड्याला रसातील साखरेच्या टक्केवारीने भागले की एक लिटर पाकाला किती लिटर रस लागेल ते कळते. साखर २ टक्के असेल तर ४३ लिटर, ३ टक्के असेल तर सुमारे २९ लिटर, आणि एकच टक्का असेल तर ८६ लिटर. आपल्या चारही झाडांना एकेक छिद्र पाडले, तर घरापुरता आणि सुनेच्या माहेरी पाठविण्यापुरता पाक सहज होईल.

शेवटची, परंतु सर्वांत कळकळीची सूचना अशी की रस घरात आटवू नये. एक लिटर पाकासाठी ४२ लिटर पाणी वाफ होऊन हवेत जाते. कॅनडातील ओंटारिओत माझ्या बहिणीच्या घरी पहिल्या वर्षी आम्ही स्वयंपाकघरातील गॅसवर रस उकळायला ठेवला होता. तिकडील भिंती विटांच्या नसून जिप्समच्या पातळ तक्त्यांच्या असतात; रात्रीपर्यंत त्यांवर पाण्याचे ओघळ आले, खिडकीकडील रंग सुटला आणि छताला हात लावला तर चिकट लागत होता. दुसऱ्या वर्षी अंगणात विटांची चूल मांडली. पसरट, उथळ परातीसारखे स्टीलचे भांडे घेतले, कारण वाफ पृष्ठभागावरून जाते आणि भांडे जितके रुंद तितके काम लवकर होते. भांड्यातील रसाची खोली तीन-चार सेंटिमीटरपेक्षा कमी होऊ द्यायची नाही आणि चूल सोडून उठायचे नाही, हे दोन नियम पाळले. फेस वर येऊ लागला की लोण्याचा एक लहानसा गोळा सोडावा, तो लगेच बसतो. रस बराच आटून सोनेरी झाला की तो लहान पातेल्यात काढून शेवटचा टप्पा घरातील गॅसवर केला तर चालतो, कारण तेव्हा वाफ थोडीच राहिलेली असते.

प्रश्न २ : गेल्या मार्चमध्ये कॅनडात मुलीकडे आम्ही परसातील मॅपलपासून पाक केला आणि दोन बाटल्या वाशीला आणल्या. एका बाटलीत वर बुरशी आली. दुसरीच्या तळाशी खडीसाखरेसारखे खडे जमले आहेत आणि त्याखाली बारीक वाळूसारखा गाळ आहे. रस एकाच झाडाचा असताना असे का व्हावे?
– एक वाचक, वाशी, नवी मुंबई

उत्तर : रस एकच असला तरी दोन्ही बाटल्यांतील पाक एकाच टप्प्यावर उतरवला गेलेला नाही. पहिला लवकर उतरवला, दुसरा उशिरा. मॅपलच्या पाकात साखरेचे प्रमाण ६६ टक्क्यांच्या जवळपास असले पाहिजे; कॅनडातील किमान मर्यादा ६६ ब्रिक्स (ब्रिक्स म्हणजे द्रवातील साखरेची टक्केवारी) आहे आणि व्हरमाँट राज्याने ती ६६.९ ठेवली आहे. त्याहून पाणी अधिक राहिले तर बुरशी आणि किण्व यांना जगण्याची सोय होते. ६८ च्या पुढे गेले की पाणी कमी पडते आणि जादा साखर स्फटिकांच्या रूपाने तळाशी बसते. म्हणजे बरोबर आणि चूक यांत दोन टक्क्यांचेच अंतर आहे, आणि शेवटच्या काही मिनिटांत पाक ते अंतर झरझर ओलांडतो.

आपल्याकडील सुगरणी तारेवरून पाक ओळखतात. मॅपलचा पाक मात्र एकतारीच्या थोडा अलीकडेच उतरवावा लागतो, त्यामुळे बोटांची खूण येथे फसवते. खात्रीचा मार्ग थर्मामीटरचा आहे. त्याच दिवशी, त्याच थर्मामीटरने, आधी साधे पाणी उकळून त्याचा उत्कलनबिंदू पाहावा आणि पाक त्याच्या ४ अंश सेल्सिअस वर गेला की उतरवावा. समुद्रसपाटीला हा आकडा १०४ येतो. उंचावरील गावात, किंवा हवेचा दाब कमी असलेल्या दिवशी, पाणीच शंभराच्या आत उकळते आणि १०४ ची वाट पाहणाऱ्याचा पाक घट्ट होऊन बसतो. मला वाटते आपल्या दुसऱ्या बाटलीचे असेच काहीसे झाले असावे. अर्ध्या अंशाचा फरकही येथे जाणवतो, म्हणून काट्याचा जुना थर्मामीटर न वापरता दशांश दाखविणारा घ्यावा. नाशिककडील द्राक्ष बागायतदार गोडी मोजायला जे ब्रिक्समीटर वापरतात, त्याची जास्त मर्यादेची आवृत्ती पाकासाठी उत्तम चालते. फक्त थेंब थंड करून मोजावा. केवळ डाव पाहून ठरवायचे असेल, तर डावाच्या कडेवरून पाक थेंबाथेंबाने न पडता पडद्यासारखा एकत्र ओघळू लागतो, तो क्षण पकडावा.

तळाचा वाळूसारखा गाळ ही निराळी गोष्ट आहे. रसातील खनिजे, मुख्यतः कॅल्शियम आणि मॅलिक आम्ल यांचे मिळून झालेले क्षार, रस आटल्यावर विरघळलेल्या स्थितीत राहू शकत नाहीत. तो गाळ अपायकारक नसतो, पण दाताखाली कचकचतो. पाक कढत असतानाच लोकरीच्या जाड नमद्यातून किंवा धुतलेल्या सुती कापडाच्या चार-पाच घड्यांतून गाळला तर तो निघून जातो. पाक थंड झाल्यावर गाळायला घेतला तर कापडातून उतरतच नाही. बाटल्या काचेच्या असाव्यात, गरम केलेल्या असाव्यात, आणि पाक ८२ अंशांहून अधिक गरम असताना भरून, झाकण लावून, काही क्षण आडव्या ठेवाव्यात, म्हणजे झाकणाच्या आतील बाजूसही कढत पाक लागतो.

बुरशी आलेली बाटली टाकून द्यावी. वरची साय काढून पाक पुन्हा उकळण्याची जुनी रीत मी सुचवणार नाही. खडे जमलेली बाटली मात्र वाया गेलेली नाही. वरचा पाक वापरावा आणि खड्यांत थोडे गरम पाणी घालून विरघळवून घ्यावे. वाशीच्या दमट हवेत उघडलेली बाटली फ्रिजबाहेर ठेवू नये.

प्रश्न ३ : काश्मीरच्या सहलीत मॅपलची पाने असलेली झाडे सर्वत्र पाहिली. घोडबंदर रस्त्यावरील एका रोपवाटिकेत मॅपलचे रोप म्हणून एक रोप विकायला आहे. आमच्या संकुलाच्या बागेत लावल्यास पंधरा-वीस वर्षांनी रस मिळेल का?
– एक वाचक, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : काश्मीरमध्ये आपण पाहिलेली झाडे बहुधा चिनारची असावीत. चिनारचे पान मॅपलसारखे दिसते. परंतु तो वेगळ्या कुळातील वृक्ष आहे. त्याची पाने फांदीवर एकाआड एक येतात आणि फळे गोल गोंड्यांसारखी लोंबतात, तर मॅपलची पाने जोडीने येतात आणि फळाला दोन पंख असतात. हिमालयात मॅपलच्या काही जाती अवश्य आहेत, पण त्या तेथील थंडीच्या आहेत. रोपवाटिकेतील रोप खरोखर मॅपलचे निघाले, तरी ठाण्यात ते नीट वाढणार नाही, कारण त्याला पाने गाळून विसावण्यासाठी दीर्घ थंडी लागते. आणि समजा वाढलेच, तरी रस मिळणार नाही. रात्री गोठणे आणि दिवसा वितळणे ही क्रिया ज्या हवेत घडतच नाही, तेथे खोडात दाब निर्माण होत नाही. आपल्या बागेत तीच जागा ताम्हण, बकुळ किंवा सुरंगीला द्यावी.

प्रश्न ४ : मुरबाडजवळ आमची तीन एकर जमीन आहे. बांधावर शिंदीची सहा-सात आणि ताडाची दोन जुनी झाडे आहेत. मॅपलचा जसा पाक होतो, तसा यांच्या रसाचा घरगुती पाक करता येईल का? गावातील एक वृद्ध गृहस्थ पूर्वी ताडी उतरवत असत.
– एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : करता येतो, आणि साखरेच्या दृष्टीने पाहिले तर आपल्या बांधावरची झाडे मॅपलपेक्षा कितीतरी श्रीमंत आहेत. मॅपलच्या रसात २ टक्के साखर, तर ताड-शिंदीच्या नीरेत ती साधारण १० ते १४ टक्के असते. वर सांगितलेल्या भागाकाराने पाहिले तर सात-आठ लिटर नीरेपासून एक लिटर पाक होईल. हा फरक का पडतो, हे समजून घेण्यासारखे आहे. मॅपलचा रस मुळांकडून वर चढणाऱ्या पाण्याचा, म्हणजे लाकडातील वाहिन्यांचा असतो. ताड आणि माड यांचा रस पानांनी तयार केलेले अन्न फुलोऱ्याकडे नेणाऱ्या वाहिन्यांतून येतो. ताडाच्या आणि माडाच्या कोवळ्या फुलोऱ्याला दररोज पातळ काप देऊन झाडाचे ते अन्न मडक्यात घेतले जाते. शिंदीच्या बाबतीत शेंड्याजवळचा खोडाचा भाग तासून तेथून रस घेतात. साखरेची वाटच कापलेली असल्याने रस इतका गोड असतो, आणि म्हणूनच कापणाऱ्याचा हात चुकला तर झाडाचे नुकसानही मोठे होते. शिंदीला एकच शेंडा असतो. तो खोलवर जखमी झाला तर झाड मरते. मॅपलला भोक पाडण्याचे काम नवखा माणूस एका सकाळीत शिकू शकेल. हे काम तसे नाही. ताडावर चढणे आणि काप देणे ही वर्षानुवर्षांच्या सरावाची विद्या आहे, आणि आपल्या गावातील त्या वृद्ध गृहस्थांनी ती पुढच्या पिढीतील कोणाला दिली असेल, तर ते कुटुंब या कामातील आपले खरे गुरू होय. स्वतः चढून पाहू नये, मुलांना चढवू नये.

त्याआधी मात्र कायद्याची पायरी आहे. सन १९४९ च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्यानुसार ताडी देणारे झाड छेदण्यास परवाना लागतो. झाड आपल्या मालकीचे आहे आणि आपल्याला ताडी नको, नीरा हवी आहे, एवढ्याने ही अट सुटत नाही. म्हणून प्रथम राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या जिल्हा कार्यालयात लेखी चौकशी करावी आणि परवाना हाती येईपर्यंत झाडाला कोयता लावू नये. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची नीरा आणि ताडगूळ या विषयाची संस्था डहाणूला आहे. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत डहाणू ठाणे जिल्ह्यातच होते, त्यामुळे ही विद्या आपल्या जिल्ह्याला परकी नाही, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. तेथे एकदा जाऊन प्रत्यक्ष काम पाहून यावे.

परवाना आणि जाणता माणूस दोन्ही मिळाले, तर पुढची अडचण उष्णतेची आहे. मॅपलचा रस बर्फात ठेवून दोन दिवस सांभाळता येतो. मुरबाडच्या हवेत नीरा काही तासांतच आंबू लागते आणि तिची ताडी होते. म्हणून मडके संध्याकाळी बांधून सूर्योदयापूर्वी उतरवतात, मडक्याच्या आतून चुना लावतात म्हणजे आंबण्याची क्रिया मंदावते, आणि उतरवलेली नीरा गाळून, चुना खाली बसू देऊन, वरची निवळ लगेच चुलीवर चढवतात. हंगाम थंडीचा साधावा. वटवाघळे मडक्यांकडे आकर्षित होतात, आणि बांगलादेशात शिंदीच्या कच्च्या रसातून निपाह विषाणूची लागण झाल्याचे दाखले आहेत; त्यामुळे मडक्याचे तोंड बारीक जाळीने झाकलेले असावे आणि रस न उकळता पिण्याचा मोह टाळावा. पाक उतरवण्याची खूण मात्र मॅपलचीच, म्हणजे पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या वर चार-पाच अंश. त्यापुढे आटवत नेले तर ताडगूळ होतो.

याच संदर्भात एक गोष्ट सांगते. श्रीलंकेत भेरली माडाच्या रसाचा पाक घरोघरी खाल्ला जातो. तेथे त्या झाडाला किथुल म्हणतात आणि हा पाक दह्यावर घालून देतात. तोच भेरली माड ठाण्यातील आणि नवी मुंबईतील अनेक संकुलांत केवळ शोभेसाठी लावलेला आहे. माशाच्या शेपटीसारखी त्याची पाने आपण नेहमी पाहत असाल. वयात आल्यावर तो वरून खाली एकेक फुलोरा काढत जातो आणि शेवटचा फुलोरा संपल्यावर मरतो. तेव्हा त्याने आयुष्यभर साठवलेली साखर त्या फुलोऱ्यांच्या वाटेने बाहेर पडते. हे वाचून कोणी संकुलातील झाडाला काप देऊ नये. वरील कायदा तेथेही लागू आहे, आणि त्याच्या फळांचा रस त्वचेला लागला तर भयंकर खाज सुटते.

प्रश्न ५ : मी कळव्यातील एका शाळेत विज्ञान शिकवते. मॅपलच्या पाकाचे टिपण वर्गात वाचून दाखविले, तेव्हा मुलांना ४० लिटरचा एक लिटर होतो हे खरेच वाटेना. मॅपल नाही, ताडाचा परवाना नाही. मग वर्गात हे दाखवावे कसे? शिवाय एका मुलाने विचारले की हा पाक झाडाचा आहे, तर मधुमेह असलेल्या त्याच्या आजोबांना चालेल का?
– एक शिक्षिका, कळवा, ठाणे

उत्तर : आजोबांचे आधी सांगते, कारण त्याचे उत्तर लहान आणि स्पष्ट आहे : साखरेऐवजी मोकळेपणाने घेण्याची ही वस्तू नाही. पाकाचा दोन तृतीयांश भाग साखरच असते, आणि तीही प्रामुख्याने उसाच्या साखरेतीलच सुक्रोज. मोठा चमचाभर, म्हणजे सुमारे २० ग्रॅम पाकात १२ ग्रॅमच्या आसपास साखर येते. त्यात मँगनीज आणि रायबोफ्लेविन आहेत, हे खरे; पण त्यासाठी मधुमेही व्यक्तीने ती साखर पोटात घ्यावी असे नाही. दुकानांत मॅपलच्या केवळ स्वादाचे पाकही मिळतात. ते मक्याच्या किंवा साध्या साखरेच्या पाकाला वास देऊन केलेले असतात. लेबलवरील घटकांत मॅपल सिरप हा एकच शब्द असेल तरच ते खरे.

आता वर्गातील प्रयोग. दोन पातेली घ्यावीत. पहिल्यात दोन लिटर पाण्यात ४० ग्रॅम साखर विरघळवावी. हा झाला मॅपलच्या रसाइतका गोड, म्हणजे २ टक्क्यांचा द्रव. तो उकळण्यापूर्वी प्रत्येक मुलाला चमचाभर चाखायला द्यावा. पुष्कळांना तो गोड आहे की नाही हेच सांगता येणार नाही, आणि मॅपलच्या झाडाखाली उभे राहून रस चाखणाऱ्याचीही तीच गत होते. दुसऱ्या पातेल्यात रसवंतीवरून आणलेला दोन लिटर ताजा उसाचा रस घ्यावा. त्यात आले, लिंबू किंवा बर्फ नसावा आणि तो दुहेरी कापडातून गाळलेला असावा. उसाच्या रसात साखर साधारण १५ ते २० टक्के असते. पातेल्यात लाकडी पट्टी उभी धरून सुरुवातीच्या उंचीवर खूण करावी आणि दर पंधरा मिनिटांनी नवी खूण करावी. उसाच्या रसावर मळी येत राहील, ती झाऱ्याने काढत जावी. गुऱ्हाळात गुळव्या काहिलीवरून काढतो ती हीच. हा रस १०५ ते १०६ अंशांवर आला की उतरवावा. पावलिटरहून जास्त, जवळजवळ अर्धा लिटर काकवी मिळेल. ती पुढे साखर धरू नये म्हणून शेवटी लिंबाच्या रसाचे काही थेंब घालावेत.

पहिल्या पातेल्यातील द्रव मात्र कमी होत होत तळाला जाईल. चहाच्या कपभर राहिला की तो अगदी लहान भांड्यात काढून मंद आचेवर १०४ अंशांपर्यंत न्यावा, नाहीतर करपेल. जे उरेल ते ४५ मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे तीन मोठे चमचे. हे मोजमाप मुलांकडूनच करवून घ्यावे, परंतु कढत पाकाला त्यांना हात लावू देऊ नये; तो पाण्यापेक्षा जास्त तापलेला असतो आणि कातडीला चिकटून बसतो. ज्या वाचकांना प्रश्न १ मधील भगिनींप्रमाणे परदेशी जाऊन मॅपलचा पाक करायचा आहे, त्यांनीही जाण्यापूर्वी दोन-तीन वेळा उसाच्या रसावर हात बसवून घ्यावा, असे मी सुचवीन. वाफ कशी सुटते, बुडबुडे लहान आणि दाट कधी होतात, डावावरून पडदा कधी ओघळतो, हे सर्व त्या पातेल्यात दिसते, आणि चुकले तर शंभरएक रुपयांचा रस जातो. झाडाने महिनाभर दिलेला रस जात नाही.

मुले चव घेतील तेव्हा एक प्रश्न नक्की विचारतील, त्याचे उत्तर तयार ठेवावे. साखरेच्या पाण्याचा पाक नुसता गोड लागतो आणि रंगहीन राहतो, मग मॅपलचा पाक सोनेरी आणि खमंग का? कारण झाडाच्या रसात साखरेबरोबर अमिनो आम्लेही थोडी असतात, आणि दीर्घकाळ उकळताना त्या दोहोंत होणाऱ्या प्रक्रियेतून तो रंग आणि स्वाद तयार होतो. भाकरीला खरपूस डाग पडतात तीच ही प्रक्रिया. हंगामाच्या सुरुवातीचा पाक फिका असतो. पुढे हवा तापू लागली की रसातील सूक्ष्मजीव सुक्रोजचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये विघटन करतात, त्या साखरा लवकर तपकिरी होतात, आणि पाक गडद उतरतो. अमेरिकेत २०१५ पासून सोनेरी, अंबर, गडद आणि अतिगडद असे जे चार वर्ग बाटलीवर छापले जातात, ते चारही पहिल्या प्रतीचेच असतात. फरक केवळ रंगाचा आणि चवीचा असतो.